परत कधी येणार?

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस बाकीच्या दिवसांसारखा नसतो. आधीचे दिवस माणूस गाव बघत असतो. शेवटच्या दिवशी तो यादी बघत असतो. विमान रात्रीचं असलं तर सकाळी अकराला हॉटेलची खोली सोडायची, बॅगा खाली ठेवायला द्यायच्या आणि विमानतळाची गाडी येईपर्यंतचे सहा-सात तास हातात. त्या तासांत काय काय कोंबता येईल याचा हिशेब आदल्या रात्रीच सुरू झालेला असतो. राजवाडा बाहेरनं बघू, पूल गाडीतनं बघू, म्युझियम पाऊण तासात उरकू आणि राहिलेल्या वेळात भावजयीनं सांगितलेली पर्स. कुणी दमलं, कुणाचा पाय सुजला, कुणी म्हणालं, "मी बसतो हितंच, तुम्ही या जाऊन," तर त्याला उठवायला एकच वाक्य पुरतं. "परत कधी येणार?"

दिसायला हा प्रश्न आहे, पण त्याच्या उत्तरासाठी कुणी थांबत नाही. पाठीमागून ढकलावं तसं ते वाक्य असतं. मला मात्र त्याला खरंच उत्तर द्यावंसं वाटतं. समजा, परत येणार नाही. मग? परत येणार नाही म्हणून आज सगळं बघून घ्यायचं, की परत येणार नाही म्हणून आज एकच काहीतरी नीट बघायचं? दोन्ही गोष्टी त्याच एका कारणातनं निघतात आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना आहेत.

घाई करणाऱ्याकडं पहिलं कारण पैशाचं असतं. एवढे लाख घातले, मग वसूल नको का करायला? आमचा समाज शेती आणि व्यापार करणारा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एकेका पैशाचा हिशेब मांडलेली माणसं आम्ही. तेव्हा हे कारण मी हसण्यावारी नेत नाही, हिशेबानंच बघते. लंडनचं ब्रिटिश म्युझियम घ्या. प्रवेशाला पैसे नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी ते हमखास यादीत येतं. त्यांच्या संग्रहात साधारण ऐंशी लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या ऐंशी हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात, म्हणजे शंभरात एक. दहा ते पाच असे सात तास तुम्ही न खाता-पिता फिरलात आणि एकेका वस्तूला एकच सेकंद दिलात, तरी पंचवीस हजारांच्या फारसा पुढं आकडा जात नाही. वसुली होतच नाही. जी वसुली कधीच होणार नाही ती करायला निघालेल्या माणसाला व्यापारी म्हणत नाहीत.

त्याच संग्रहात बेळगावचं काही आहे. शके ११२७ चे, म्हणजे इसवी सन १२०४ चे, बेळगावचे शिलालेख तिथं आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन यांच्या काळातले. रट्ट जिनालयासाठी शुभचंद्र भट्टारकांना दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. कार्तवीर्याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं ज्या काळात बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बांधली, त्याच काळाचे ते दगड. बस्ती इथं राहिली आणि तिच्या काळाचा कागद, म्हणा, तिथं गेला. आमच्याकडचे किती तरी लोक त्या इमारतीत जाऊन आले असतील, रोझेटा स्टोनच्या गर्दीत टाचा उंचावून फोटो काढून आले असतील, आणि आपल्या गावच्या एका दानाची गोष्ट याच घरात ठेवलेली आहे हे त्यांना ठाऊकही नसेल. पण हे वाचून कुणी आपल्या यादीत 'बेळगावचा दगड' अशी आणखी एक ओळ वाढवली, तर माझं सांगणं फुकट गेलं. किती बघितलं याचा आणि आपलं त्याच्याशी काय नातं लागलं याचा संबंध नसतो, एवढंच मला म्हणायचंय.

कमल बस्तीत गेलं की मान वर करावी लागते. छतातनं खाली उमललेलं दगडी कमळ आहे आणि त्यात भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस, असे बहात्तर तीर्थंकर कोरलेले आहेत. पण आपल्या बायका तिथं 'कमळ बघायला' जात नाहीत, नेमिनाथांच्या दर्शनाला जातात. आपण रोज सकाळी बस्तीत जातो. मूर्ती तीच, गाभारा तोच, गंधोदकाची वाटी तीच. तरी बाहेर येऊन कुणी म्हणत नाही की चला, बघून झालं, उद्या दुसरं काहीतरी बघू. दर्शन संपत नाही, त्यामुळं ते साठवताही येत नाही. साइटसीइंग मात्र 'झालं' या शब्दाशिवाय पुरंच होत नाही. आयफेल टॉवर झाला, स्वित्झर्लंड झालं, सिंगापूर दोनदा झालं.

त्या 'झालं'मध्ये मला परिग्रह दिसतो. कुणी म्हणेल, नुसत्या बघण्यात कसला परिग्रह? वस्तू घरात आणली नाही, कपाटात ठेवली नाही, कुणाची हिरावून घेतली नाही. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची खूण वस्तूत सांगितलेली नाही, मूर्च्छेत सांगितली आहे. वस्तू असो की नसो, 'हे माझं व्हावं' अशी जी गुंगी चढते ती मूर्च्छा. शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता, पायात गोळे आलेले असताना, अजून दोन ठिकाणं राहिली म्हणून जो जीव कासावीस होतो, त्याला दुसरं काय नाव द्यायचं? तिथं कुतूहल केव्हाच झोपी गेलेलं असतं. जागी असते ती फक्त मालकी.

प्रवासाला आपला धर्म वाईट म्हणतो असं मात्र नाही. मुनिमहाराज चातुर्मासाचे महिने सोडले तर चालतच असतात. आमच्या निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतनं पायी निघून सम्मेदशिखरजीपर्यंत गेले, आणि पुढं उत्तरेत वर्षानुवर्षं विहार करत राहिले. एवढा देश पायांखालून गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही. हातात पिंछी आणि कमंडलू. बघितलेलं काही बरोबर नेण्याची सोयच नाही. म्हणजे चालण्यात दोष नाही, बघण्यातही नाही.

श्रावकासाठी आचार्यांनी याचा विचार फार बारकाईनं केलाय. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना आपण जन्मभरात कुठवर जाऊ याची मर्यादा स्वतः घालून घ्यायची. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मर्यादेच्या खुणा दिल्या आहेत: समुद्र, नदी, जंगल, डोंगर, देश, योजनं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा, म्हणजे पळवाट काढता येऊ नये. आणि या व्रताचं फळ काय, तर आपण घातलेल्या रेषेच्या पलीकडं जेवढं जग आहे, तेवढ्यापुरता साधा गृहस्थही मुनीच्या जवळ पोचतो. तिथल्या एका मुंगीलाही माझ्यामुळं भय नाही. मला हे फार मोठं वाटतं. न बघितलेल्या जगाला आपण 'राहिलं' म्हणतो. आचार्य म्हणतात, त्याला तुम्ही अभय दिलंत.

त्याच्या जोडीचं देशव्रत. मोठी मर्यादा जन्माची, ही थोड्या काळाची. आजचा दिवस या घरापुरता, हा महिना या गावापुरता, हे चार महिने या नदीच्या अलीकडं. शेवटच्या दिवसासाठीच कुणी हे व्रत सांगितलं असावं असं वाटतं. त्याचे अतिचार वाचताना तर हसू येतं. मर्यादेबाहेरची वस्तू मागवणं, बाहेर माणूस पाठवणं, खाकरून किंवा हाक मारून बाहेरच्याला खूण करणं, आपलं रूप दाखवणं, खडा टाकून लक्ष वेधणं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना आपण किती ओळखीचे होतो! 'येताना चॉकलेट आण,' 'व्हिडिओ कॉल लाव की, मागं ते घड्याळ दिसू दे.' दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी आहे, म्हणजे लोभानं ठरलेलं क्षेत्र वाढवणं. झोपेतले दोन तास आणि जेवणाचा एक तास कापून यादीत तीन ठिकाणं वाढवणारा आमचा टूरमधला गडी तेच करत असतो. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानवापर्यंत मावळत नाही. दिवस असताना जेवणाऱ्यांची इतकी सोय दुसरीकडं कुठं मिळायची! तरी शेवटच्या दिवशी माणसं उपाशी फिरतात.

इथं एक अडचण आहे आणि ती बाजूला सारून मला पुढं जाता येत नाही. आम्ही सीमाभागातली माणसं. 'सीमा' हा शब्द आमच्याकडं पुस्तकातला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला एक रेघ ओढली गेली आणि घरं होती तिथंच राहून राज्य बदललं. सोयरीक कोल्हापूर-सांगलीला, सातबाऱ्याची भाषा वेगळी, शाळा एका भाषेची, कचेरी दुसऱ्या भाषेची. दुसऱ्यानं ओढलेली रेघ किती दिवस टोचत राहते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मग मर्यादेचं कौतुक आम्ही कुठल्या तोंडानं करायचं?

बायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांचं जग चुलीपासनं बस्तीपर्यंत आणि बस्तीपासनं चुलीपर्यंत होतं. अमावास्येला बैलगाडीतनं स्तवनिधीला जाणं म्हणजे त्यांचा परदेश. तवंदीचा घाट चढताना त्या गाडीतनं उतरून चालत, दरीकडं बघत उभ्या राहत आणि कुणीतरी हाक मारून त्यांना पुढं बोलावी. त्यांनी दिग्व्रत घेतलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते दुसऱ्यांनीच घेऊन टाकलेलं होतं. जिच्या हातात दिशाच कधी दिल्या नाहीत, ती दिशांचा त्याग करणार कशी? त्यामुळं साठी उलटल्यावर, पोरं मार्गी लागल्यावर, कधी नवरा गेल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली बाई शेवटच्या दिवशी सात ठिकाणं बघायला धावत असेल, तर तिला व्रताचा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. तिला बघू दे. दुसऱ्यानं घातलेली मर्यादा ही कैद असते, स्वतः घातली तरच ती व्रत होते. दोन्ही वरनं एकसारख्या दिसतात, आणि म्हणूनच पुरुषांनी आणि त्यागीलोकांनी कित्येक पिढ्या एकीला दुसरीचं नाव दिलं.

म्हणजे प्रश्न किती बघावं हा नाहीच. कोण ठरवतंय, हा आहे. आणि शेवटच्या दिवशी बघा, ठरवणारा आपल्यातला कुणी नसतो. यादी ठरवते, गाईडचं छत्रीचं टोक ठरवतं, आधी जाऊन आलेल्या शेजारणीचा फोटो ठरवतो. सुटून आल्यासारखं वाटतं, पण आपण फक्त मालक बदललेला असतो.

आणखी एक गोष्ट रत्नकरंडकात आहे. अनर्थदंडात, म्हणजे निष्कारण केलेल्या पापात, प्रमादचर्या सांगितली आहे आणि तिच्यात दोन शब्द शेजारीशेजारी आहेत: सरण आणि सारण. विनाकारण हिंडणं, आणि विनाकारण दुसऱ्याला हिंडवणं. हा दुसरा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका टूरमध्ये मी बघितलंय, गुडघे धरलेल्या आपल्या बायकोला एक गृहस्थ शेवटच्या दुपारी जिन्याच्या पायऱ्या चढवत होते. वरनं शहर दिसतंय, परत कधी येणार, दोन मिनिटांचं काम आहे. ती बिचारी प्रत्येक पायरीला णमोकार म्हणत होती. वर पोचल्यावर तिनं शहर बघितलं नाही, कठड्याला टेकून डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, आपण तिला जग दाखवलं. प्रेमानंच केलं त्यांनी, यात शंका नाही. प्रेमानं केलेलं सारण ओळखायला सगळ्यांत अवघड.

माझ्या मुलीकडं लंडनजवळ मी दीड महिना राहिले, तेव्हा शेवटच्या दिवसाची यादी तिनं केली होती. रजा टाकली होती, तिकिटं काढली होती. टॉवर, टॉवर ब्रिज, सेंट पॉल, नदीतनं बोट. माझं वय आणि माझे गुडघे बघता परत जाणं होईल असं मला वाटत नव्हतं, आणि तिलाही वाटत नव्हतं. दोघी ते बोलत नव्हतो, म्हणूनच यादी लांबत चालली होती. सकाळी चहा पिताना मी तिला म्हटलं, "आज तुझं गाव दाखव मला."

"म्हणजे? लंडनच दाखवणार आहे की."

"ते नव्हे. तू रोज कुठं जातीस, कुठं जेवतीस ते."

ती जरा रागावली. "आई, ते काय बघायचंय? बसस्टॉप बघायला कुणी इतक्या लांब येतंय होय? आणि गावाकडं विचारतील, टॉवर बघितला का, तर काय सांगशील?"

मी म्हटलं, "पोरगी बघून आलो म्हणून सांगतो."

आम्ही तिचा रोजचा रस्ता धरला. ती पावसात उभी राहते तो बसथांबा. बसच्या वरच्या मजल्यावरची, पुढची, तिची आवडती जागा. ऑफिसचं दार, आत नाही गेलो, रजेच्या दिवशी आत कशाला? ऑफिसमागं एक लहानशी बाग, त्यात चौथं बाक, तिथं ती डबा खाते. आम्हीही तिथंच खाल्लं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी इथनं नेलेली, शेवटची राखून ठेवली होती. मग मेथी मिळते ते दुकान. दुकानदारानं तिला नावानं हाक मारली, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी सैल झालं. हिला इथं ओळखणारं कुणीतरी आहे. परतताना ती एका दवाखान्यापाशी थांबली आणि म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात ती आजारी पडली होती तेव्हा एकटी इथवर चालत आली होती. फोनवर तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दारापुढं उभं राहिल्याशिवाय तिला ते सांगता आलं नसतं, आणि बोटीतनं टॉवर ब्रिजखालून जाताना तर नक्कीच नाही.

आता ती एक वाजता डबा उघडते तेव्हा इकडं संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा झालेले असतात, मी माझं ताट वाढून घेत असते, आणि मला ते चौथं बाक दिसतं. कुठल्याही राजवाड्यापेक्षा ते मी जास्त बघितलंय. टॉवर नऊशे वर्षं उभा आहे, तो माझ्या बघण्यावाचून अडलेला नाही. मुलीच्या रोजच्या दिवसाला मात्र साक्षीदार नव्हता.

माझं खरं आणि त्या जिना चढवणाऱ्या गृहस्थांचं खोटं, असं मला म्हणायचं नाही. एखाद्याचा शेवटचा दिवस सबंध एका चित्रापुढं जाईल, एखाद्याचा नदीकाठी, एखादा खरंच सात ठिकाणं बघेल आणि सातही त्याची असतील. मी फक्त एवढंच सुचवते की शेवटच्या दिवशी सकाळी, यादी उघडायच्या आधी, देशव्रत घ्यावं. आजचा दिवस एवढ्यापुरता. ही गल्ली, हा काठ, हे माणूस. बाकीच्याला अभय. विमान वेळेवर मर्यादा घालणारच आहे; ते घालायच्या आधी आपण घातली तर दिवस आपला राहतो.

आमच्या परंपरेत याचा मोठा धडा आहे. तुलना फार मोठी होते, पण टाळताही येत नाही. शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, छत्तीस दिवसांची. सल्लेखनेत शेवट जवळ आला म्हणून काही वाढवत नाहीत. कमी करत जातात. आधी अन्न, मग दूध-ताकासारखं पातळ, मग फक्त पाणी, मग तेही नाही. आणि त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची, सगळ्यांना क्षमा करायची. बाहेरच्यांना वाटतं, शेवटचे दिवस, खाऊ-पिऊ घाला त्यांना, परत कधी? आतल्या माणसाला ठाऊक असतं की परत नाही, म्हणूनच हात मोकळे हवेत.

सहलीचा शेवटचा दिवस हा त्याचा अगदी लहान, अगदी निरुपद्रवी सराव आहे. वर्षाकाठी एखादा मिळतो. त्या दिवशी कुणी "परत कधी येणार?" म्हणालं तर रागवू नये, घाबरूही नये. येणार नाही म्हणावं, आणि त्याला आपल्या शेजारी बाकावर बसायला जागा करून द्यावी.